शेजारच्या खाटेचा हेवा

नगरच्या दवाखान्यात माझ्या शेजारच्या खाटेवर काष्टीची एक बाई होती. दोघींच्याही आतड्यात कॅन्सरची गाठ. पण तिच्या रक्तात प्रथिनं भरपूर निघाली, सूजही कमी, म्हणून तिला ऑपरेशनची तारीख मिळाली. माझे रिपोर्ट वाईट, त्यामुळे मी नुसती पडून. ती उकडलेलं अंडं मीठ लावून खायची, वर बोटं चाटायची. मी जळायचे.

माझंही ऑपरेशन व्हावं म्हणून मी सोमवार धरले होते. ते कळल्यावर ती हसली. "ताई, उपाशी राहून रगत सुधारतंय व्हय? माजे सोमवार मी मालकांवर टाकलेत. तुमी बी टाका."

त्या सोमवारी आमचे हे उपाशी बसले आणि मी अंडं सोललं. तेवढ्यात तिला स्ट्रेचरवरून न्यायला आले. जाताना तिनं तोंडाकडे हात नेऊन 'खा' अशी खूण केली.

ऑपरेशनला निघालेल्या बाईचा हेवा करत मी अख्खं अंडं तोंडात कोंबलं.