चंपतरावांचा डुक्कर-बंदोबस्त

सक्करदऱ्यात आमच्या गल्लीच्या टोकाला चंपतराव भोयर राहतात. खोल्या दोन, कुत्री तीन. पाहुण्याला आधी कुत्र्यांची वंशावळ ऐकावी लागते, चहा मग येतो. लकडगंजातल्या एका लाकूडवाल्या शेठच्या अल्सेशियनने फाटकाबाहेर जाऊन जो संसार थाटला, त्यातली ही पिल्लं. शेठने ती पोत्यात भरून टाकायला लावली आणि चंपतरावांनी ती घरी आणली. थोरल्या ब्रूनोचा एक कान उभा, एक पडका.

"उभा बापाचा, पडका मायचा," चंपतराव सांगतात. "निव्वळ विलायती कुत्रं उन्हात बसून राह्यते, निव्वळ गावठी भाकरीमागं जाते. क्रॉसमंदी दोघाइचे गुण येते."

दोघांचे दोषही येतात, पण ते त्यांना कुणी विचारलं नाही.

ही कुत्री आणली तेव्हा ते कळमन्याच्या बाजारात माल तोलणारे मापारी होते. माल घेऊन येणारा जो तो एकच रडगाणं गायचा की रानडुकरांनी वावर उकरलं. मारायचं तर परवानगी लागते, आणि अर्ज फिरून येईपर्यंत डुक्कर काही थांबत नाही. चंपतरावांनी काटा सोडला आणि ते शिकारी झाले. जुना टेम्पो घेतला, त्यावर 'रानडुक्कर बंदोबस्त' असं रंगवून घेतलं, गळ्यात डुकराचा सुळा अडकवला. तो सुळा त्यांनी जत्रेत विकत घेतला होता. मला माहीत आहे, कारण मी सोबत होतो.

शिकारीची पद्धत अशी. टेम्पो बांधावर लावायचा, स्वतः टपावर चढायचं आणि तिथून कुत्र्यांना "छू" म्हणायचं. अक्षरशः उंटावरून शेळ्या हाकणं. कुत्री भुंकत सुटायची, डुकरं पळायची, शेतकरी खूश होऊन पायलीभर तूर टेम्पोत टाकायचा. एकही डुक्कर मेलं नाही आणि एकाही कुत्र्याला ओरखडा आला नाही. "आपण मारत नाही, आपण त्याइले समज देतो," असं ते म्हणायचे. समज घेतलेली डुकरं शेजारच्या वावरात जायची आणि आठवड्याने शेजाऱ्याचा फोन यायचा. रामाजीची टोपी मारोतरावाच्या डोक्यावर, मारोतरावाची रुपरावाच्या. दोन वर्षांत उमरेड रोडवरच्या अख्ख्या शिवारात कुणी सुटलं नाही. पुढे पुढे तर टेम्पोचा भोंगा ऐकूनच डुकरं निघायची. चंपतराव त्याला दरारा म्हणत.

गेल्या मे महिन्यात त्यांच्या धाकट्या बहिणीचा, रुख्मिणीबाईंचा फोन आला. त्यांचं वावर त्याच शिवारात, नाल्याला लागून. दोन एकर उन्हाळी भुईमूग आठ दिवसांत उपटायला आला होता आणि डुकरं रोज दोन-दोन ओळी फस्त करत होती. पाण्याची सोय यंदाच झालेली, त्यामुळे बाईंचा सगळा जीव त्या भुईमुगात. "दादा, साऱ्या गावाचं करून राहिला, माह्यं बी कर," एवढंच त्या म्हणाल्या. चंपतरावांनी इस्त्रीचा शर्ट घातला. मलाही बळंच नेलं.

सकाळी सातला पोचलो. डुकरं नाल्यातल्या बेशरमाच्या झाडीत होती. बांधावर रुख्मिणीबाई आणि मागे पंधरा-वीस बघे. चंपतराव टपावर चढले आणि तिथेच घोडं अडलं. एका अंगाला रामाजीचं वावर, दुसऱ्या अंगाला मारोतरावाचं, नाल्यापलीकडे रुपरावाचं. तिघेही जातीने हजर.

"चंपतराव, इकडे नोका धाडू," रामाजी म्हणाले. "मागच्याच महिन्यात तूर देली मी."

"मंग काय माह्याकडे धाडता?" मारोतरावांनी विचारलं.

म्हणजे आता डुक्कर जागेवर धरण्यावाचून इलाज नव्हता, आणि ती विद्या कुत्र्यांना कुणी शिकवलीच नव्हती. चंपतरावांनी छू केलं. झाडीतून एक पिल्लावाली डुकरीण बाहेर आली आणि उभी राहिली. ब्रूनो दहा हातांवर थांबला. न पळणाऱ्या डुकराचं काय करायचं, हे विचारायला तो वळून मालकाकडे पाहू लागला. तेवढ्यात डुकरीणच धावली. तिन्ही कुत्री शेपट्या पायांत घालून भुईमुगातून जी सुटली ती थेट टेम्पोखाली, मागून डुकरीण, तिच्यामागून अख्खा कळप. महिनाभरात झालं नव्हतं एवढं नुकसान पाच मिनिटांत झालं. लोक हसले. मीही हसलो, आणि रुख्मिणीबाईंचं तोंड पाहून मला माझीच लाज वाटली.

त्यांनी गोफण घेतली, चार धोंडे नेमके हाणले आणि रिकामा डबा बडवत कळप पुन्हा नाल्यात घातला. मग टेम्पोजवळ आल्या. चंपतराव अजून टपावरच होते.

"दादा, दोन साल झाले, ह्या शिवारात डुकरं तूच फिरवून राहिला. मले ठाऊक होतं."

"मंग बोलली काहून नाही वं?"

"लोकं तुले खुर्ची टाकून चहा पाजत. मले बरं वाटे."

चंपतराव खाली उतरले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, ते काही उन्हाचं नव्हतं. त्यांनी टेम्पोची किल्ली माझ्या हातात दिली, "कुत्रे घरी ने गा," म्हणाले आणि बहिणीच्या हातातला डबा घेतला.

आठ दिवस ते तिथेच मचाणावर राहिले, डबा बडवत. दोन एकरांतलं जेमतेम एक एकर हाती लागलं. चंपतरावांनी खरोखर राखलेलं ते पहिलं वावर.