दोन फुटांची टाकी

आमच्या घरात आल्यावर त्या काचवाल्याने पहिलं काय केलं असेल, तर तो आडवा झाला. सरळ पलंगावर, ह्यांच्या शेजारी, उशीला डोकं टेकून. मी पाण्याचा पेला घेऊन दारातच थांबले. म्हटलं, हा काय प्रकार!

"बघनार कोन, ते आदी बघाया नको काय, ताई?"

त्याची ती सवयच होती. शेजारच्या काकूंच्या ओट्यापाशी उभं राहून त्याने म्हणे आधी पोळ्या लाटल्यासारखे हात हलवून पाहिले आणि मगच खिडकीचं माप घेतलं. असा कारागीर तुम्हीही कुठेतरी पाहिला असेल आणि माझ्यासारखेच वैतागलाही असाल.

आमच्याकडे वैतागायला तेव्हा कारणं भरपूर होती. पक्षाघाताचा झटका आल्यापासून ह्यांच्या लेखी डावी बाजू उरलीच नव्हती. डोळे शाबूत, बोलणं जरा जड पण कळण्यासारखं. मात्र ताटातली उजवीकडची भाजी संपायची आणि डावीकडची कोशिंबीर तशीच राहायची. कोशिंबीर म्हणजे ह्यांचा जीव की प्राण! "आज कोशिंबीर नाही केलीस?" असं विचारायचे. पहिल्यांदा मी ओरडले, "समोर वाढलीय की!" मग स्वयंपाकघरात जाऊन रडले.

व्यायाम घ्यायला येणारी मुलगी म्हणाली, त्यांना डावीकडे बघायला लावा, काहीतरी हलतं ठेवा समोर. म्हणून मी फायटर मासा आणला. निळा, झालरीसारख्या परांचा. दुकानदाराने काचेच्या वाडग्यात घालून दिला आणि वर म्हणाला, ह्याला एवढंच पुरतं. तीन दिवसांत तो पर मिटून तळाशी बसला. म्हणून आठ इंची टाकी करून घ्यावी, उजवीकडच्या टेबलावर मावेल आणि निदान ह्यांना दिसेल तरी अशी, एवढीच माझी अपेक्षा होती.

"टेबलाच्या मापाची कराची, तर टेबलच ठेवा ना त्यात," पलंगावरून उठत तो म्हणाला. त्याने माझ्याकडून रद्दीचा पेपर मागून घेतला, कात्रीने दोन फूट लांब नि फूटभर रुंद कापला आणि पलंगाच्या पायथ्याशी, ह्यांच्या नजरेसमोरून सुरू होऊन डावीकडे जाईल असा जमिनीवर पसरला. "एवरी पायजे. मासा जाईल तितवर भावोजींची मान जाईल."

मी म्हटलं, "अहो, एवढ्याशा माशाला एवढी मोठी टाकी? आणि मला चालायला जागा?"

"जागा तुमी काडाल. त्यानी कुटून काडाची?"

उंची मात्र त्याने दहा इंचच धरली. हा मासा हवा घ्यायला सारखा वर येतो, त्याचे पर जड, खोल पाण्यात तो दमतो. त्याला लांबी हवी, खोली नको. हे कुठे शिकलात म्हटल्यावर हसला. उलव्याच्या बाजूचा माणूस, बापजादे मिठागरात राबलेले. लहानपण खाचरातले मासे बघण्यात गेलेलं. आता तिकडे टॉवरवर टॉवर उभे राहत होते, खिडक्यांच्या कामांतून त्याला मान वर करायला फुरसत नव्हती. तरी चार दिवसांत उरलेल्या काचांची टाकी, जुन्या खिडकीच्या पट्ट्यांचा स्टँड आणि मासा उडी मारतो म्हणून हवेपुरती फट ठेवलेलं झाकण घेऊन हजर! दोन बादल्या पाणी बसलं. मासा दुसऱ्याच दिवशी पर पसरून हिंडायला लागला.

पण अर्ध्यावर गेला की ह्यांना दिसेनासा व्हायचा. "गेला," हे म्हणायचे, अगदी लहान मुलासारखे. "येल, येल," डाव्या टोकाच्या स्टुलावरून काचवाला सांगायचा.

कारण तो दर रविवारी यायचा. "काच गलत नाय ना, ताई?" काच कधीच गळली नाही. तो स्टुलावर बसायचा, डाव्या कोपऱ्यात माशाच्या खाद्याचे दाणे टाकायचा आणि मासा तिकडे निघाला की ह्यांची नजर कुठवर आली ते बघून टाकीच्या कडेवर लाल टेपचा तुकडा लावायचा. एका महिन्यात चार बोटं. मग दोन महिने काहीच नाही. मी कंटाळले, तो नाही कंटाळला. गंमत म्हणजे ह्यांनी त्याला त्या स्टुलावर कधी पाहिलंच नाही. आवाज आला की हे उजवीकडे दाराशी शोधायचे. "भावोजी, मी हितं," तो म्हणायचा आणि मला डोळ्याने खूण करायचा, की होईल.

एका रविवारी तो आला नाही. पुढच्याही नाही. मी जरा चिडूनच फोन लावला. त्याच्या बायकोने उचलला. छातीत कळ आली, दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं सगळं, म्हणाली. मी "काच गळत नाही हो," असं काहीतरी बरळले आणि फोन ठेवला. फार राग आला मला त्याचा. काम अर्धं टाकून असं कुणी जातं का?

ह्यांना सांगितलं नाही. म्हटलं, खूप कामं आलीत त्याला. दाणे मीच टाकायला लागले, उभ्याउभ्याच. त्या स्टुलावर बसायला मन होईना.

परवा सकाळी दाणे टाकले आणि खिडकीशी जाऊन उभी राहिले. मासा सावकाश डावीकडे निघाला. ह्यांची नजर त्याच्यामागे निघाली. पहिला तुकडा, दुसरा, मग शेवटचा. मान वळतच राहिली. मासा टोकाला पोचून दाणे टिपायला लागला, तरी ती थांबली नाही. काचेच्या पलीकडे गेली.

"स्टूल रिकामं आहे," हे म्हणाले.

किती महिने मी ह्याच क्षणासाठी देवाला हात जोडत होते. मी टेपचा तुकडा तोडला, टाकीच्या अगदी टोकाला लावला आणि पलंगावर ह्यांच्या शेजारी आडवी झाले. तिथून स्टूल खरंच अगदी समोर दिसत होतं. मग मी ह्यांना सांगितलं.