डोक्यावरची पेटी

"पेटी खाली ठेवू नको बे. डोक्यावरच राहू दे."

मलकापुरात मला कोणी बोललेलं हे पहिलं वाक्य. नाव विचारायच्या आधी. गाव विचारायच्या आधी. मी ओट्यापुढं उभा, डोक्यावर पत्र्याची पेटी. पेटीत चादर, दोन पुस्तकं, आईनं बांधून दिलेल्या भाकरी आणि जस्ताचा गिलास. मालक ओट्यावर बसून सुपारी कातरत होता. खोली भाड्यानं मिळते असं एसटी स्टँडवर ऐकून मी गेलो होतो.

"गाव?"

"वडनेर भोलजी."

"कोणाइतला?"

"बौद्ध आहो जी."

"ते आता झाले. आंधी कोण व्हते?"

सांगितलं. सांगितलं म्हणजे काय, तोंडातून निघून गेलं. मालक अडकित्ता थांबवून हसला. आतून बायांचं हसू आलं. माझी मान अवघडली होती, पेटीचा पत्रा टाळूत रुतत होता, आणि हा माणूस निवांत विचारतोय. बाप काय करतो. वावर किती. कॉलेज कशाले पाह्यजे. मी उत्तरं देत राहिलो. वाटलं, एवढं विचारतोय तर देईल.

"खोल्या दोन हायेत," तो म्हणाला. "तुह्यासाठी नाई. जाय."

फाटकापर्यंत गेलो नसेन, मागं बादलीभर पाणी ओतल्याचा आवाज आला. मी त्या ओट्याला शिवलोसुद्धा नव्हतो. जाता जाता दार तेवढं पाहून घेतलं. सागवानी, दोन फळ्यांचं, फळ्यांवर पितळी फुलं. चौकटीवर कोरलेला मोर. मोराची मान तुटलेली होती.

महाराष्ट्र नवा होता, कॉलेज नवं होतं. खेड्याखेड्यातून पोट्टे शिकायला आलते. वसतिगृह अजून बांधायचं होतं. गावात ज्यांचं कोणी जातीचं, नात्यातलं होतं, त्यांना खोली मिळाली. ज्यांचं कोणी नव्हतं त्यांनी दारं फिरायची. मी फिरलो. कोणी हसून नाही म्हटलं, कोणी न हसता. एका म्हातारीनं बिचारीनं पाणी दिलं, वरून ओंजळीत, आणि म्हणाली, "तुमच्यातल्याकडं पाह्य ना बाबू." आमच्यातले गावाबाहेर, एका झोपडीत सात-आठ जण. तिथं पाठ टेकायला जागा नव्हती, पुस्तक कुठं उघडणार?

रहेमान असाच दारं फिरताना भेटला. रोहिणखेडचा. बाप शिंपीकाम करायचा. त्याला तर नाव सांगितल्याबरोबर कडी लागायची. तुळशीराम धाड गावचा, माळ्याचा. त्याला खोली मिळाली होती. आम्ही दोघं दिवसा त्याच्याकडं अभ्यासाला बसायचो आणि रात्री स्टेशनवर झोपायचो. एक दिवस घरमालकिणीनं मला तुळशीरामच्या माठातून पाणी पिताना पाहिलं. तिनं माठ अंगणात आपटला आणि त्याची वळकटी रस्त्यावर टाकली.

तुळशीराम वळकटी झटकत म्हणाला, "बेस झालं. ढेकणं व्हते लेकाचे."

असे आम्ही तिघं झालो. स्टेशनच्या पलीकडं एक जिन बंद पडलेलं होतं. कापसाचा कारखाना म्हणा. त्याच्या मागं सरकी ठेवायचं गोदाम, रिकामं. कडी गंजून गळून पडलेली. आत उंदीर, भिंतीला काजळी, कुबट वास. पण वर पत्रे होते, आणि पत्रे म्हणजे आमच्यासाठी कॉलेज होतं. परीक्षेपर्यंत पत्रे टिकले तर कॉलेज टिकलं. नाहीतर गाव, आणि दुसऱ्याच्या वावरात रोजी.

रहेमान दारातच थबकला. "अबे, ये तो उसीका है. मोरवाले का."

"मंग तं इथंच राहू," मी म्हटलं.

"याले कब्जा म्हणतेत बे," तुळशीराम म्हणाला, आणि सगळ्यात आधी त्यानंच वळकटी टाकली. कोणाला विचारलं नाही. विचारून पाहिलं होतं की. सगळ्या गावाला विचारून पाहिलं होतं.

गोदाम झाडलं. रेल्वेच्या नळावरून पाणी आणलं. स्टेशनच्या कामावरचा उरलेला चुना रहेमान डब्यात घेऊन आला, तो एका भिंतीला पोतला. पांढरी भिंत झाली आणि माझा हात शिवशिवायला लागला.

आमच्याकडं लगीनघरी दाराच्या दोन्ही बाजूंना हत्ती काढतात, भालदार-चोपदार काढतात. चितारी येतो, त्याला जेवण, पान, धोतर. दार रंगलं म्हणजे त्या घराचा मान झाला. मी लहानपणी असल्या घरांसमोर तासन् तास उभा राहायचो. दूर. रस्त्याच्या पलीकडं. तिथून पाहून पाहून हात बसला.

हत्ती मला काढायचे नव्हते. मी दारं काढली. कोळशानं आणि गेरूनं. ज्या ज्या दारातून हाकललं, ते ते दार. म्हातारीचं बाभळीचं दार, त्याला लिंबू-मिरची. रहेमानला पाहून आतून अडसर लावलेलं हिरवं दार. माठ फोडणारीचं, जाळीचं. सगळी बंद. मधोमध मोराचं सागवानी दार, सगळ्यात मोठं. मोराची मान तुटकी काढली. फूल न् फूल काढलं. राग होता म्हणून एवढं बारीक काढलं गेलं, नाहीतर माझ्यात कुठली एवढी चिकाटी?

"माणसं काऊन नाई काढत?" तुळशीरामनं विचारलं.

"माणसं नाई जमत मले. हातपाय वाकडे येतेत."

कॉलेजातले पोट्टे पाहायला यायला लागले. "अरे, हे तं आमच्या काकाचं दार!" म्हणून टाळ्या द्यायचे. एकालाही वाटलं नाही की ही दारं बंद का आहेत. त्यांनी ती कधी बंद पाहिलीच नव्हती. ते घरी जाऊन सांगायचे, गोदामात भारी चित्र हाये म्हणून. ते फिरत फिरत मालकापर्यंत गेलं. चित्रानंच आमचा घात केला.

एका सकाळी मालक आला. बरोबर दिवाणजी आणि दोन हमाल. आम्ही उभे राहिलो. तो शिवी देणार तेवढ्यात त्याचं लक्ष भिंतीकडं गेलं. तो बघतच राहिला. जवळ गेला, मोरावर बोट ठेवलं.

"अरे बाप्पा! दिवाणजी, हा तं आपला मोर! पाहा, मान पाहा!"

खुलला हो माणूस! त्याच्या लेखी कोणी त्याच्या दारापायी एवढी मेहनत घेतली म्हणजे मानच केला. दार दुसऱ्या कशासाठी काढतात हे त्याला कोणी शिकवलंच नव्हतं.

"कोणं काढलं?"

तुळशीरामनं माझ्याकडं बोट केलं. अभिमानानं केलं, खुळ्यानं. मालकानं मला खालीवर पाहिलं. ओळखलं नाही. पेटी डोक्यावर नव्हती ना!

"पोरीचं लगीन हाये," तो म्हणाला. "भिंती पोतून झाल्या. दारापाशी हत्ती काढून देय, भालदार-चोपदार काढून देय. परीक्षेपर्यंत राह्य इथं. हे दोघं आत्ता निघतीन. कोणाइतला तू?"

मी सांगितलं. या वेळी आधीचं पण सांगितलं, त्याला विचारायची तसदी नको म्हणून.

त्यानं पुन्हा एकदा मोराकडं पाहिलं. मग म्हणाला, "चालते. बाहेरूनच तं काढाचे हायेत. उंबऱ्याले हात लावू नको म्हंजे झालं." आणि दिवाणजीकडं वळला. "चित्र राहू द्या. हे दोन पोट्टे हाकला."

मन म्हणालं, हो म्हण. खरंच म्हणालं. हत्ती काढायला काय जातं? डोक्यावर पत्रे राहतील, परीक्षा होईल. तुळशीराम माझ्या कानाशी आला. "तू राह्य बे. आपल्यातला एक तं शिकीन."  रहेमान वळकटी बांधायला लागला होता. मला चीड आली, मालकाची आणि माझ्या मनाचीही.

कोळसा उचलला. भिंतीपाशी गेलो. मालक खूश. त्याला वाटलं, त्याच्या दाराला अजून काही नक्षी करतोय. मी दारापुढं एक पोट्टा काढला. हातपाय वाकडे आले. येऊ दे. डोक्यावर पेटी काढली. पेटी नीट आली.

"हे कोण?" मालकानं विचारलं.

"मी हाओ. तुमच्या दारात उभा व्हतो. पेटी खाली ठेवू देल्ली नाई तुम्ही. हत्ती नाई काढत मी."

 मालकाच्या गालाचं मांस उडायला लागलं. इतक्या दिवसांत त्या भिंतीकडं बघणाऱ्यांत ते चित्र कळलेला तो पहिला माणूस.

"माजले साले," तो म्हणाला. "चुना फासा त्याले. सगळ्या भिंतीले फासा."

हमालांनी आमचं सामान बाहेर भिरकावलं. माझी पेटी दगडावर आदळून एका कोपऱ्यात चेपली. ते हमालही आमच्यातलेच होते, खाली मान घालून काम करत होते. आम्ही बाहेर उभे होतो तोवर आत चुना फासणं सुरू झालं.

तुळशीराम आपल्या गावी, धाडला, परत गेला. बापानं पुन्हा पाठवलं नाही. रहेमान बापाच्या मशीनवर बसला. एसटी सुटताना खिडकीतून एवढंच म्हणाला, "तू मत छोड़ना." दोघांनाही मी माघारी आणू शकलो नाही, आणि त्या गावात त्यांची कोणाला आठवण राहिली नाही. मालकाच्या पोरीचं लग्न थाटात झालं. हत्ती दुसऱ्या कोणी काढले. परीक्षा जवळ आली होती आणि मी पुन्हा स्टेशनवर होतो.

मग पेटी उचलली आणि पुन्हा दारं फिरायला लागलो. खोली मिळेल असं वाटत नव्हतं. आजही असल्या दारात मला वाटत नाही. पहिल्याच ओट्यावर एक जण पेपर वाचत बसला होता. मला पाहून त्यानं चष्मा वर केला.

"कोठचा बे तू?"

 आधी पेटी खाली ठेवली. त्याच्या ओट्यावर. धाडकन. मग ताठ उभं राहून नाव सांगितलं, गाव सांगितलं, जात सांगितली. त्यानं हाकललं. दुसऱ्या दारी गेलो. तिथंही आधी पेटी खाली ठेवली.

जागा देवोत, न देवोत. हाकलोत, पाणी ओतोत. पेटी डोक्यावर घेऊन मी आता कोणाच्या दारात उत्तरं देणार नाही.