बुलेटवरचा भोंगा

भुताखेतांच्या गोष्टी मला आवडतात, पण त्यातली एकही मला खरी वाटलेली नाही. या सदरात अमावस्या, पिंपळ, पांढरी साडी असं आलं की मी पान मिटून चहा मागतो. रेडिओ-टेप दुरुस्तीत अर्धं आयुष्य गेलं, पुढे एका तंत्रशाळेत पोरांना तेच शिकवलं. ज्या गोष्टीला आवाज आहे तिला वायर असणारच, हा माझा धर्म. म्हणून खालचा अनुभव लिहायला मला इतकी वर्षं लागली. माझ्याकडे त्याची वायर नाही.

आम्ही मूळ जाफराबादचे. ऐंशीच्या दशकाच्या शेवटाकडची गोष्ट. माझा मोठा भाऊ सुदाम आणि मी, बसस्टँडजवळ आमचं रेडिओ दुरुस्तीचं छोटं दुकान. काम मी करायचो आणि बोलायचा दादा. त्याचा आवाज म्हणजे काय सांगू... भजनात उभा राहिला की पेटीवाल्याला पट्टी बदलावी लागायची. निवडणूक असो, कुस्त्या असोत, कुणाची म्हैस हरवलेली असो — माईकवर दादाच. लोक त्याला तोंडावरून कमी आणि आवाजावरून जास्त ओळखत. त्या आवाजावर त्याचं घर चालत होतं आणि त्याला त्याचा गर्वही होता. असायलाच पाहिजे होता.

एका उन्हाळ्यात गावातल्या बियाण्यांच्या दुकानदारानं आम्हाला काम दिलं. मृगाच्या आधी खेडोपाडी फिरून कपाशीच्या नव्या वाणाची जाहिरात करायची. जीप परवडत नव्हती आणि बैलगाडी चार गावं करेपर्यंत पेरणी उरकली असती. दादा म्हणाला, आपली बुलेट काय झोपा काढते का?

मग मी कामाला लागलो. चामड्याच्या दोन साइडबॅगा चांभाराकडून मजबूत शिवून घेतल्या. बुलेटचा सायलेन्सर उजवीकडे, म्हणून अ‍ॅम्प्लिफायर डाव्या बॅगेत. तो गरम होतो, त्यासाठी चामड्याला भोकं पाडून घेतली. खाली सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे अंथरले, नाहीतर आमच्या रस्त्यांवर चार दिवसांत सर्किटमधले सगळे सोल्डरचे टाके सुटले असते. गाडीची लाईट सहा व्होल्टची, अ‍ॅम्प्लिफायरला बारा लागतात, म्हणून वेगळी बॅटरी उजव्या बॅगेत. दोन्हीकडचं वजनही बराबर झालं. भोंगा पुढे लेगगार्डवर. इंजिन चालू केलं की भोंग्यातून टर्रर्र यायचं, ते काढण्यात माझे दोन दिवस गेले.

हे सगळं एवढ्यासाठी सांगतोय, की अ‍ॅम्प्लिफायर मी स्वतः बांधला होता. ट्रान्सफॉर्मरपासून शेवटच्या स्क्रूपर्यंत सगळं कोरं सामान. कुणा मेलेल्या माणसाचं जुनं मशीन वगैरे भानगड नव्हती. वाचकांपैकी कुणी तिकडे निघाला असेल तर त्यानं परत यावं.

गाडी मी चालवायचो, दादा मागे बसून बोलायचा. माईक तारेच्या आकड्यानं गळ्यात अडकवलेला. आणि तो नुसती जाहिरात करेल तर दादा कसला... रस्त्याकडेच्या शेतात ओळखीचा माणूस दिसला की भोंग्यातून त्याच्या नावानं हाक मारायचा. औत थांबवून माणूस तिकडून ओरडून ओ द्यायचा, मग ह्याची चेष्टा सुरू. पोरंटोरं गावाच्या शिवेपर्यंत मागे पळायची. आमचे ते दिवस फार मजेचे होते.

त्या दिवशी आम्ही टेंभुर्णीच्या रस्त्याला होतो. भर दुपार. मध्ये एका फाट्याजवळ मोठा माळ लागतो. तिथं देऊळ नाही, मसणवटा नाही, विहीर नाही, घर नाही. खडक, कुसळं आणि रस्त्याकडेला एक कडूनिंब. अ‍ॅम्प्लिफायर हात लावू देत नव्हता इतका तापला होता, म्हणून मी निंबाखाली गाडी लावली. डाव्या बॅगेचं झाकण उघडं टाकलं आणि बॅटरीची वायर काढली. तांबडी वायर, तिचं टोक माझ्या हातात होतं. दादा बुंध्याला टेकून पाणी पीत होता, माईक गळ्यात तसाच.

आणि भोंग्यातून हाक आली. "सुदामाऽ..."

बाईचा आवाज. घराच्या दारात उभं राहून जेवायला बोलवावं तसा, शेवटचं अक्षर लांबवलेला. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"वायर तर काढली ना रे तू?" दादा म्हणाला.

मी हातातलं टोक दाखवलं.

"मंग बोलून कोण राह्यलं? हा मायचा आवाज हाय."

मायचाच होता. त्याला 'सुदामा' फक्त आमची आई म्हणायची. आणि आई त्या वेळी जाफराबादला घरी होती, चांगली धडधाकट. मला भीती वाटली नाही, खरं सांगतो. माझं डोकं वायरिंगमध्येच होतं... कुठला रेडिओ पकडला का, कंडेन्सरमध्ये करंट राहिला का. पण करंट राहील तो क्षणभर. आणि रेडिओवाल्यांना दादाचं नाव काय माहीत?

आमच्याकडे एक समजूत आहे, तुमच्याकडेही असेल. अवेळी कुणी हाक मारली तर लगेच ओ देऊ नये. तीनदा हाक येऊ द्यावी. माणूस तीनदा हाक मारतो, ते दुसरं जे असतं ते तिसऱ्यांदा मारत नाही. आईनं लहानपणापासून आमच्या कानीकपाळी ओरडून सांगितलेलं. मी दादाला चिडवलंही — थांब, तिसरी येऊ दे, मग जा जेवायला.

दुसरी हाक आली. जरा हळू, लाडानं. दादाचा हात आपोआप माईककडे गेला. रोजची सवय. बटण दाबून तो म्हणाला, "ओऽ, आलो."

ते शब्द भोंग्यातून मोठ्यानं निघाले आणि माळावर पसरत गेले. तांबडी वायर माझ्या हातात होती.

नंतर भोंगा गप्प झाला. दादा माझ्याकडे वळून काहीतरी बोलला. ओठ हलले, आवाज आला नाही. मला वाटलं थट्टा करतोय, कारण थट्टेत त्याचा हात कुणी धरू शकत नसे. मग त्यानं गळ्याला हात लावला, पुन्हा तोंड उघडलं, मानेच्या शिरा ताणल्या. नुसती हवा. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं तेव्हा मला कळलं, ही थट्टा नाही.

घरी आलो तर आई झोपलेली. तिनं कुणाला हाक मारली नव्हती. तिला आम्ही कधी पूर्ण काही सांगितलं नाही, पण तिला कळलं असावं. तिनं दादाला एवढंच विचारलं, कितव्या हाकेला ओ दिली? दादानं दोन बोटं दाखवली आणि ती भिंतीकडे तोंड करून बसली.

जालन्याला दाखवलं, औरंगाबादला दाखवलं. दोन्हीकडे डॉक्टर म्हणाले, गळा एकदम नॉर्मल आहे. धक्क्यानं होतं असं, येईल आवाज. मलाही ते पटलं. मी अ‍ॅम्प्लिफायर उघडून तपासला, एक टाका सुटलेला नव्हता. तरी मी तो मोडला. भाग वेगवेगळ्या सेटांत गेले, भोंगा मंडपवाल्यानं नेला. म्हणजे ते मशीन जगात उरलं नाही, हे लक्षात ठेवा.

दादाचा आवाज आला नाही. तो दुकानात खाली मान घालून टाके मारायला शिकला. वहिनीला तेव्हा दिवस गेलेले होते. मुलगी झाली. बारशाला नाव आत्यानं कानात सांगितलं, पण ठरवलं होतं दादानं, पाटीवर लिहून — रेणुका. आम्ही सगळे तिला रेणू म्हणायचो. दादा तिला बोलवायचा तो दोन टाळ्या वाजवून. ती कुठंही असो, दोन टाळ्या ऐकल्या की पळत यायची. बापाचा आवाज म्हणजे टाळ्या, एवढंच तिला माहीत.

ती चालायला लागली असेल, तेव्हा टेंभुर्णीकडचा एक म्हातारा शेतकरी दुकानात आला. दादाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "सुदामभाऊ, आवाज बराबर झाला म्हणायचा. बरं वाटलं बघा. काल दुपारी माळाकडून ऐकला, कपाशीचं सांगून राह्यल्ते तुम्ही."

दादा हातातला सोल्डर तसाच धरून उभा राहिला. मी म्हाताऱ्याला म्हटलं, कुणीतरी पूर्वी टेप करून ठेवलं असेल, तेच वाजवत असतील. तो म्हणाला, असंल बाबा. पुढे अधूनमधून असं सांगणारे येत राहिले. वेळ नेहमी दुपारची आणि जागा तीच. मी प्रत्येकाला टेपचं सांगितलं. मला स्वतःलाही तेच सांगत होतो. दादानं मात्र त्या रस्त्याला जाणं सोडलं होतं. वहिनीचं माहेर तिकडचं, तरी आम्ही लांबचा फेरा घालून जायचो.

रेणू शाळेत जायला लागल्यावर एका उन्हाळ्यात वहिनीच्या घरचं लग्न होतं. वहिनी आधीच गेलेली. दादा, रेणू आणि मी शेअर जीपनं निघालो. लांबच्या रस्त्यावर पूल खोदून ठेवलेला, ड्रायव्हरनं जीप इकडून घातली. दादानं माझा हात घट्ट धरला. मी म्हटलं, जीप आहे, दहा माणसं आहेत, काय होतंय? आणि नेमकी त्या निंबापाशी जीप पंक्चर झाली.

माणसं उतरून सावलीला आली. ड्रायव्हर पोरसवदा होता, स्टेपनी काढायला लागला. ऊन असं होतं की माळाकडे बघवत नव्हतं. तेवढ्यात त्या बाजूनं आवाज आला. भोंग्याचा, पत्र्यातून आल्यासारखा.

"रेणूऽ..."

ड्रायव्हरनं मान वर केली आणि हसला. "अरे, हा तर सुदामभाऊचा भोंगा! लहानपणी आम्ही मागं पळायचो याच्या." सुदामभाऊ त्याच्या शेजारीच उभा होता. त्याला तो ओळखत नव्हता.

टेपची थिअरी तिथंच मेली. कारण त्या आवाजानं हे नाव कधी उच्चारलंच नव्हतं. आवाज गेला तेव्हा ती पोटात होती.

रेणूनं ड्रायव्हरकडे पाहिलं, मग बापाकडे. तिला समजलं. तिचा चेहरा इतका फुलला की ते आठवून मला आजही त्रास होतो. बाबाचा आवाज! तिनं तोंड उघडलं आणि दादानं तिच्या तोंडावर हात दाबला. दुसरा हात तिच्या कमरेला घालून तिला छातीशी आवळलं.

दुसरी हाक आली. ती सुटायला धडपडत होती, लाथा मारत होती. बाकीची माणसं बघायला लागली, एक बाई दादाला म्हणाली, अहो पोरीला मारता का काय. मी त्या बाईला काय सांगणार? मी मनातल्या मनात एवढंच धरून होतो की आता संपलं. दोनच असतात.

तिसरी हाक आली.

"रेणूऽ, अगं ओ तर दे."

आईचा नियम तिथं संपला. तिसरी हाक माणसाची असते, मग ही कुणाची? दादाचा हात निघाला नाही. रेणूनं त्याच्या तळव्याला कडकडून चावा घेतला. रक्त आलं. तरीही हात निघाला नाही. चाक बसेपर्यंत, जीप सुरू होऊन फाटा मागे पडेपर्यंत त्यानं हात काढला नाही.

चौथी हाक आली नाही, निदान मी ऐकली नाही. रेणूचा आवाज शाबूत राहिला. पण लग्नघरात ती बापाशी बोलली नाही. वहिनीला तिनं विचारलं, बाबांचा आवाज असाच होता का गं, जाड, गोड? वहिनी म्हणाली, हो. त्यानंतर किती तरी दिवस दादा टाळ्या वाजवायचा आणि ती जागची हलायची नाही. दादाची तक्रार नव्हती. तो मला खुणेनं सांगायचा, राग परवडला.

हळूहळू ती पुन्हा यायला लागली. आता नर्सिंगला आहे, जालन्याला. दिवसभर पेशंटशी बोलते, आवाज थेट बापाचा. गेल्या वर्षी दादा झोपेतच गेला. शेवटपर्यंत एक शब्द नाही.

परवा ती सुट्टीला आली. जेवताना म्हणाली, काका, फाट्याजवळच्या नव्या वस्तीवरच्या एका पेशंटनं सांगितलं, दुपारी भोंगा अजून ऐकू येतो. माझंच नाव असतं म्हणे. तिनं ताट बाजूला सारलं.

"बाबा तर गेले. आता तरी जाऊन ओ देऊ का? एकदाच?"

मी नाही म्हणालो. तिनं का म्हणून विचारलं. तो दादा आहे की दादाचा आवाज घेऊन बसलेलं दुसरं काही, हे मला आजही सांगता येत नाही. तेच मी तिला सांगितलं. ती म्हणाली, दुसरं काही असेल तर माझा आवाज जाईल. पण बाबा असतील तर ते इतकी वर्षं हाका मारतायत, आणि मी नुसती ऐकतेय.

मंगळवारी तिची सुट्टी संपते. तोवर मी रोज दुपारी जेवण झालं की दारातच खाट टाकून पडतो.