एक दस्ता, दोन नळ्या

“नेम धरतेय, की बंदुकीला सॉरी म्हणतेय ही?”

मागच्या बाकावरची एक आंटी आपल्या मैत्रिणीला इंग्रजीत असं म्हणाली, इथल्या सवयीने शेवटी ‘लाह’ लावून हसली. गोळ्यांचा आवाज अडवणारे कानांवरचे मफ मी नुकतेच गळ्यात उतरवले होते, हे तिला दिसलं नसावं. मी वळले नाही. वळलं की हसावं लागतं आणि हसलं की बोलावं लागतं.

पण ती म्हणत होती ते खरं होतं. उजव्या खांद्याला बंदुकीचा दस्ता टेकवला की मला मान अशी वाकडी करावी लागे, की समोर उडवलेल्या मातीच्या तबकडीपेक्षा माझाच खांदा जास्त दिसे. शेवटी आंटीच उठून आली. दोन्ही तळहात जोडून मध्ये छोटं भोक करायला लावलं, त्यातून भिंतीवरचं घड्याळ बघायला सांगितलं आणि मग एकेक डोळा मिटायला. डावा मिटला तर घड्याळ गायब. उजवा मिटला तर जागच्या जागी.

“डावा डोळा तुझा बॉस आहे,” ती म्हणाली. “डाव्या खांद्यावर घे.”

मी घेतली. पुढची तबकडी आकाशात नारिंगी धूर होऊन गेली. आंटीने टाळी वाजवली. बाबा तेव्हा कॅन्टीनमध्ये कॉफी आणायला गेला होता. तो परत आला तेव्हा मी बंदूक खाली ठेवून शहाण्यासारखी उभी होते.

दर रविवारी नेमबाजीच्या क्लबात यायची कल्पना त्याचीच. आयुष्यभर जहाजांची इंजिनं खोलणारा माणूस आता बंदरालगतच्या तांजोंग पगार भागातल्या एका ऑफिसात बसून ईमेल पाठवत होता, आणि घरातलं प्रत्येक बिजागर त्याने दोनदा दुरुस्त केलं होतं. त्याला खोलायला काहीतरी हवं होतं. मला रॅफल्स प्लेसच्या बँकेतून सुटल्यावर अशी जागा हवी होती, जिथे न बोलणं हाच नियम असतो. क्लबच्या बंदुका वापरून झाल्यावर त्याने जाहीर केलं, आता आपली स्वतःची घ्यायची. परवान्याचे सोपस्कार झाले. बंदूक अर्थातच क्लबच्या शस्त्रागारात राहणार होती, या देशात ती घरी आणायचा प्रश्नच नव्हता.

कागदी लक्ष्यावर गोळी आणि उडत्या तबकडीवर छर्रे, हे दोन्ही बाबाला एकाच बंदुकीत हवं होतं. विक्रेत्याने आधी एक देखणी रायफल दाखवली, पण काडतूस भरताना ओढायचा तिचा खटका उजवीकडे होता. मग एक साधी, एकबारी. मधोमध मोडायची, एक काडतूस घालायचं, मिटायची. दस्ता एक आणि नळ्या दोन, एक रायफलची आणि एक छर्ऱ्यांची, हव्या तशा बदलायच्या. उघडायची कळ वर, मधोमध.

“धिस वन,” मी ताबडतोब म्हणाले.

“बघा! माझी मुलगी,” बाबा विक्रेत्याला म्हणाला. त्याला वाटलं, मला त्याचा हिशेब पटला. मला फक्त एवढंच दिसलं होतं, की या बंदुकीला डावं-उजवं काही कळत नाही.

दस्त्याला मात्र कळवता येतं, आणि बाबा कामाला लागला. रायफलच्या नळीवर दुर्बीण, म्हणजे डोळा वर हवा. दुसऱ्या नळीवर नुसता पितळी मणी, म्हणजे डोळा खाली. म्हणून गालाखाली काढता-घालता येईल अशी लाकडी पट्टी बसवायची, असं त्याने ठरवलं. पट्टीसाठी माझ्या गालाचं माप हवं. एका संध्याकाळी त्याने आईची मळलेली कणीक उचलली.

“अहो, पोळ्या व्हायच्यात अजून!”

“एक मिनिट गं. बाळा, इकडे ये. गाल टेकव. उजवा.”

मी टेकवला. समजावून सांगण्यापेक्षा ते सोपं होतं. कणीक गार होती आणि तिला तेलाचा वास होता.

“आता त्या गालाच्या पोळ्या तुम्हीच खा,” आई म्हणाली.

“खाईन की. माझ्या मुलीचा गाल आहे.”

त्या साच्यावरून त्याने सागवानाची पट्टी कोरली, आठवडाभर घासली, वास येईपर्यंत जवसाचं तेल पाजलं. जेवताना ती ताटाशेजारी असे. “हात लाव,” तो म्हणे. मी हात लावे. “स्मूथ ना?” “व्हेरी,” मी म्हणे. इतकी सुंदर चूक मी कधी पाहिली नव्हती. मधल्या काळात मी ऑफिसनंतर एकटी जाऊन क्लबची बंदूक डाव्या खांद्यावर घेत होते. आंटी रोज विचारायची, “टोल्ड हिम?” मी नकारार्थी मान हलवायची. “अय्यो,” ती म्हणायची आणि मला बिस्किट द्यायची.

मग तो रविवार आला. क्लबच्या कार्यशाळेतल्या अंकलने आमचा दस्ता शिकंज्यात धरला. पट्टी नीट बसावी म्हणून उजवा गाल टेकतो त्या, दस्त्याच्या डाव्या अंगाचं लाकूड तासायचं होतं. तासलेलं लाकूड परत लावता येत नाही. बाबाने रुमालातून पट्टी काढली, अंकलच्या हातात दिली आणि माझ्याकडे असं बघितलं, की मला वाटलं, उजव्या खांद्यावरही चालेल. मान काय, सवयीने वळेल.

अंकलने पेन्सिलीने रेघ मारली. रंधा उचलला.

“बाबा, थांबव त्यांना,” मी म्हणाले. “मी डाव्या खांद्यावरून मारते. आणि बाबा, मी चांगली मारते.”