सांग्लिए

चिखलात खुराचा ठसा दिसला की आबा ओठांवर बोट ठेवायचे आणि हळूच म्हणायचे, "सांग्लिए." ठसे एकाच डुकराचे असले तरच हं. कळप असला तर नुसतं "डुकरं" म्हणून पुढं चालायचे.

मेढ्याच्या वरच्या अंगाला आमची वाडी. शेजारचे म्हातारे आबा पहिल्या महायुद्धात फ्रान्सला खेचरं हाकायला होते. येताना तिथलं रानडुकराचं नाव घेऊन आले.

"आबा, तिकडचं डुक्कर पाव खातं का वो?" मी लहानपणी विचारायचो.

"खातंय की. पर तुज्यावानी आयतं न्हाई खात."

आणि मग ठरलेली गोष्ट. "नर वयात आला की कळप सोडतुया. तिथला मास्तर सांगायचा, जुनी रोमन माणसं त्याला एकलं डुक्कर म्हणायची. बोलता बोलता डुक्कर ह्यो शबुद गळाला गड्या, त्येंच्या बोलीतलं एकलं तेवढं ऱ्हायलं. त्याचंच झालं सांग्लिए."

भात पोटरीला आलं की आमचा हाका निघायचा. डबे बडवत डुकरं रानातून उठवायची. पुढारी आबाच. त्यांचा एक नियम होता: एकला नर असला तर ओढ्याकडची वाट मोकळी सोडायची. कोंडलेला एकला माणसावर येतो.

बहात्तरच्या दुष्काळानंतरच्या हाक्यात त्या वाटेच्या कडेला मी होतो. तरणा होतो. नर दिसला आणि मला राहवलं नाही. भाला घेऊन मी वाटेत आडवा झालो. तो वळला आणि त्यानं मागून येणाऱ्या आबांची मांडी फाडली. झाडीत बाकी कुणाला मी दिसलो नव्हतो.

चावडीवर बोलणं झालं, "म्हातारा वाट सोडायची इसरला. आता घरातच बस म्हणावं." आबांनी माझं नाव काढलं नाही. मीही काढलं नाही.

पुढच्या वर्षी हाका त्यांच्याशिवाय निघाला. काठी टेकत ते दारात आले, डब्यांच्या आवाजाकडे कान लावून उभे राहिले. मी पाहिलं आणि डबा आणखी जोरात बडवला.

संध्याकाळी पळसाच्या पानात शिकारीतली त्यांची वाटणी घेऊन गेलो. त्यांनी ती माझ्याकडेच सरकवली. "हाक्यात न्हाई त्याला वाटणी कसली रं?" मग म्हणाले, "औंदा तरी वाट सोडलीस न्हवं?"

"व्हय, आबा."

"मग झालं."

चावडी तिथून हाकेच्या अंतरावर होती. माणसं बसलेली होती. मी मटण घेऊन घरी आलो.

पुढच्या उन्हाळ्यात आबा गेले. आजही वाडीत कुणाची चूक झाली की हसून म्हणतात, "आबागत वाट इसरला." आबा विसरले नव्हते. वाटेत मी उभा होतो.