काकूंचं ब्रोमेलियाड

आमचे फोरमनकाका झाडाच्या डोक्यात पाणी घालायचे. कुणी कुंडीत तांब्या ओतायला गेलं, की ते तांब्याच काढून घेत. मुळात त्या कुंडीत माती नव्हतीच. नारळाच्या शेंड्या, खालच्या इस्त्रीवाल्याकडून मागून आणलेले कोळशाचे तुकडे, आणि त्यात ताठ बसलेलं, अननसाच्या कुळातलं ब्रोमेलियाड. "हे जंगलात दुसऱ्या झाडाच्या खांद्यावर बसून वाढतं. मुळं नुसती धरायला. प्यायचं ते पानांच्या पेल्यातून," असं ते येईल त्याला सांगायचे. दूधवाल्यालाही सांगितलं होतं, गुजरातीतून.

मकरपुऱ्याच्या कारखान्यातली सगळी नोकरी यंत्रांच्या आवाजात गेल्यामुळे ते मोठ्यानं बोलत, आणि मराठीतही मधेच गुजराती ‘ने’ लावत. रावपुऱ्यात आमच्या समोरच्याच दारात राहायचे, काकू गेल्यापासून एकटे. काकूंनी अलकापुरीतल्या नर्सरीतून एक फुललेलं रोप आणलं होतं. हे झाड एकदाच फुलतं, मग बाजूला पिल्लं देऊन हळूहळू वाळतं. त्या रोपाला आलेलं एकुलतं एक पिल्लू काकूंनी आजारपणातच स्वतःच्या हातानं वेगळं करून लावलं. त्याचं फूल बघायला त्या राहिल्या नाहीत. काका मात्र बघणार होते, आणि त्यासाठी त्यांची शिस्त कारखान्यातलीच होती. पूर्वेच्या गॅलरीत सकाळचं कोवळं ऊन, दहानंतर पडदा. बोअरचं खारं पाणी बंद, गच्चीवर साठवलेलं पावसाचं चालू. दर रविवारी पेला उपडा करून ताजं पाणी भरायचं, म्हणजे डासही होत नाहीत.

त्या पावसाळ्यात ते डोळ्याच्या ऑपरेशनसाठी महिनाभर नाशिकला मुलीकडे, मंजूकडे गेले. जाताना किल्ली माझ्या हातात दिली आणि रविवारचं काम माझ्याकडून दोनदा म्हणून घेतलं.

नेमकी तेव्हाच आमच्या इमारतीत डेंग्यूची साथ आली. माझा मुलगा तापानं फणफणला. घाबरून मी घरातलं साचलेलं पाणी शोधत सुटले. कूलर ओता, बादल्या पालथ्या घाला, जिथं पाणी काढता येत नाही तिथं तेल टाका. आमच्याकडे सगळे हेच करतात. तशीच काकांच्या गॅलरीत गेले आणि त्या पेल्यात चमचाभर तेल घालून आले. रविवार आठवला नाही, पेला उपडा करता येतो हेही आठवलं नाही. पोरगा बरा झाला. झाड मात्र मधोमध सडलं.

काका परत आले तेव्हा मी दारातच सगळं सांगितलं. बोलताना रडू आवरेना. ते गॅलरीत गेले, मधलं पान धरलं, तर गाभाच हातात आला. काळा, वास मारणारा. त्यांनी तो बराच वेळ धरून ठेवला. मग मोठ्यानं बोलणारा तो माणूस अगदी हळू म्हणाला, "नीता, पोरगा कसा आहे ते सांग ने पहिलं."

झाड त्यांनी टाकलं नाही. तेल धुऊन काढलं, सडलेलं कापलं आणि वाट बघितली. दोन महिन्यांनी बुडाशी नखाएवढा हिरवा कोंब दिसला. गाभा गेला की कधीकधी झाड पिल्लू काढतं, असं त्यांनी मला समजावलं. मग दर महिन्याला स्टीलच्या पट्टीनं मापन. आई-झाडाच्या एकतृतीयांश झाल्याशिवाय सुरी लावायची नाही, हा नियम. ते तेवढं झालं तेव्हा त्यांनी मला बोलावलं, सुरी माझ्याच हातात दिली आणि कुंडीही माझ्याच गॅलरीत ठेवली. मी नको नको म्हणत होते. "आता तुला कळलंय ने, काय करायचं नाही ते," एवढंच म्हणाले. पुढच्या वर्षी नाशिकला जाताना घराची किल्लीसुद्धा पुन्हा माझ्याकडेच दिली. माझ्यावर इतका विश्वास आजवर कुणी टाकलेला नाही.

नंतर मंजू त्यांना कायमचं घेऊन गेली. झाड फुललं तेव्हा मी त्यांना व्हिडिओवर दाखवलं. लाल फूल बघून ते नुसती मान हलवत राहिले.

या वर्षी काका गेले. महिन्याभरानं मंजू रावपुऱ्यातलं घर आवरायला आली. आईच्या झाडाचं एखादं पिल्लू मिळेल का, म्हणाली. मी पट्टी घेऊन मोजलं आणि मापात भरलेलं एक पिल्लू कापून तिच्या हातात दिलं. इतकी वर्षं मनात होतं ते तेलाचं तिला सांगून टाकावं, म्हणून तोंड उघडलं, तेवढ्यात तीच म्हणाली, "बाबा नेहमी सांगायचे, ते नाशिकला असताना आईचं झाड सडलं होतं. नीता नसती तर वाचलं नसतं म्हणायचे."